खुणेचा दिवा

१

दुपारची जेवणं उरकली की आमच्या ऑफिसातले दिवे मालवतात आणि सगळे झोपतात. टेबलावर छोटी उशी, उशीवर गाल, खुर्चीच्या पाठीवरचं जाकीट अंगावर. साहेबांपासून झाडलोट करणाऱ्या मावशींपर्यंत कोणी ह्याला अपवाद नाही. शाळेत लागलेली सवय आहे, ती आमच्याकडे निवृत्तीपर्यंत सुटत नाही. मला एकटीला मात्र दुपारी झोप येत नाही. शाळेतही येत नसे. तिथे डोळे उघडे दिसले की बाई पट्टी मारायच्या. इथे कोणी मारत नाही, एवढाच फरक. म्हणून मी तो वेळ शेजारच्या तपासणीच्या खोलीत काढत असे.

त्या खोलीत लोखंडी कपाटांच्या रांगा आहेत आणि कपाटांत एकावर एक सर्व्हर रचलेले आहेत. आमची कंपनी सर्व्हर बनवत नाही. सर्व्हरच्या पोटात एक वेगळी, नखाएवढी चिप असते, तिचं काम आम्ही तपासतो. आम्ही तिला राखणदार म्हणतो. मशीन बंद असो, बिघडलेलं असो, राखणदार जागा असतो. वीज मात्र त्याला हवी. भिंतीतून येणाऱ्या विजेच्या दोन वायरी जोपर्यंत लावलेल्या आहेत तोपर्यंत तो झोपत नाही. मशीनचा मालक सातासमुद्रापार बसून त्याला विचारतो, "काय रे, चालू आहे का? तापलंय का? झाकण कोणी उघडलंय का?" आणि तो मुकाट्याने सांगतो. बंद मशीन चालू कर म्हटलं तर करतो.

आणि एक दिवा लावतो. प्रत्येक मशीनच्या तोंडावर एक छोटा निळा दिवा असतो, तसाच मागेही असतो. त्याचं काम फार साधं आहे. एका दालनात हजारो मशीनं, सगळी जुळ्या भावंडांसारखी. त्यातलं एक काढायचं आहे. मालक दूर, काढणारा माणूस दालनात. मग मालक तिकडून हुकूम सोडतो आणि त्या एका मशीनवर निळा दिवा लागतो. हेच ते, हे काढ.

आमच्यातले सर्वांत जुने तपासनीस रोंगदादा, त्यांनी हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. "लक्षात ठेव पेई," ते म्हणाले, "दूरच्या शहाण्याला जवळचा एक गाढव लागतोच. त्याला सगळं दिसतं, पण हात नसतात. हात आपले."

आणि हेही त्यांनी सांगितलं, की हात कधी कधी चुकतात. एकदा आमच्यासमोरच एकाने दिवा नीट न बघता शेजारचं चालू मशीन खसकन ओढून काढलं. रोंगदादा ओरडले नाहीत. त्यांच्या भुवया कपाळावर चढल्या, ओठांचा चंबू झाला, आणि मान अगदी थोडी, एकदाच डावीकडे हलली. बस्स. त्या चेहऱ्याला आम्ही सगळे टरकून असायचो. शिव्या परवडल्या.

आमच्याकडे प्रत्येक तपासनिसाचं आपलं एक मशीन असतं. त्यावर त्याच्या नावाची चिठ्ठी आणि हिरव्या पिशवीतले मक्याचे कुरकुरे ठेवलेले असतात. त्या कुरकुऱ्यांच्या नावाचा अर्थच 'शहाणं बाळ' असा आहे. पिशवी ठेवली की मशीन शहाण्यासारखं वागतं. पिशवी हिरवीच हवी, कारण हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक. मशीनवरची पिशवी फोडून खायची नाही. आणि मुदत संपलेली ठेवण्यापेक्षा न ठेवलेली बरी. ह्यावर आमचे पीएचडी झालेले लोकसुद्धा हसत नाहीत.

वसंतात रोंगदादा ऑफिसच्या आवारात स्कूटर लावताना कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तेव्हापासून ते इस्पितळात श्वासाच्या यंत्रावर होते, डोळे उघडे असायचे पण कुणाकडे वळत नसत. त्यांचं मशीन आम्ही बंद केलं. वायरी काढायला मात्र कुणाचा हात धजावला नाही.

एका दुपारी, सगळे घोरत असताना, त्या बंद मशीनवर निळा दिवा लागलेला मला दिसला.

२

माझा स्वभाव उकरून काढण्याचा आहे. घाबरायचं आधी सुचत नाही. आधी 'का' सुचतं. आई म्हणायची, ही पोरगी भुताला भेटली तर त्याचे उलटे पाय मोजायला बसेल.

दिवा दोन प्रकारांनी लागतो. एक तर दुरून हुकूम येतो, नाही तर कोणीतरी तोंडावरचं बटण दाबतं. दुरून हुकूम यायला राखणदाराची केबल जोडलेली हवी. मी मागे जाऊन बघितलं. केबलच नव्हती. खाच रिकामी होती आणि तिच्यात धूळ बसली होती.

"मान-नी, दादांच्या मशीनची केबल कुठे गेली?" सगळे जागे झाल्यावर मी विचारलं.

मान-नी माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. तिशीची आहे, गोल चेहऱ्याची, आणि दुसऱ्याचं दुःख बघवत नाही अशा जातीची. ऑफिसात कोणी शिंकलं तरी ही आल्याचा काढा घेऊन हजर.

"मी घेतली," ती ओशाळून म्हणाली. "माझी खराब झाली होती. दादांना कुठे आता... म्हणजे तसं नाही म्हणायचं मला. परत लावू का?"

"नको. कधी घेतलीस?"

"झाले की महिने. का हो?"

म्हणजे हुकूम येण्याची वाटच नव्हती. राहिलं बटण. मी बटण दाबून दिवा विझवला आणि बटणावर चिकटपट्टीचे दोन आडवे-उभे तुकडे चिकटवले. दुसऱ्या दुपारी चिकटपट्टी जशीच्या तशी होती आणि दिवा लागलेला होता.

मान-नीला दाखवलं. तिने पिशवी उचलून मागची तारीख वाचली.

"मुदत संपलीय, ताई! कधीच! आणि आपण म्हणतोय मशीन का पिसाळलंय."

"पिशवी ज्याची त्यानेच बदलायची असते ना?"

"अहो, तो माणूस खाटेवर आहे. त्याने येऊन बदलायची का?"

तिने खालच्या दुकानातून नवी हिरवी पिशवी आणली आणि दोन्ही हातांनी ठेवली. दिवा विझला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो, आणि मला खरंच हायसं वाटलं. चिप बिघडली असेल, कुठेतरी विजेची गळती असेल, मी मनात म्हणत होते. पण गळतीला कुरकुरे कसे कळतात, हे काही मला सुटेना.

पुढच्या दुपारी तो पुन्हा लागला.

३

शनिवारी मी इस्पितळात गेले. श्वासयंत्राच्या वॉर्डात भेटीची वेळ थोडी असते, आणि खरं सांगायचं तर तेवढी पुरते. दोन्हीकडे खाटा, प्रत्येक खाटेशेजारी भाता हलवणारं यंत्र. फूस्स, थांबा, फूस्स. माणसं शांत आणि यंत्रं श्वास घेणारी. रोंगदादांच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवली होती. हात पाय बारीक झाले होते. डोळे छताकडे होते.

लुआन वहिनी त्यांची नखं कापत होत्या. त्या ताशी गावात सुक्या टोफूचं दुकान चालवतात, आणि बोलणं गिऱ्हाइकाशी बोलावं तसं मोकळं.

"आलीस? बघ, आमचा म्हातारा किती मजेत आहे. जन्मभर म्हणायचा, झोप पुरत नाही. घे म्हणावं आता." नखाचा तुकडा त्यांनी कागदात ठेवला आणि एकदम रडायला लागल्या. मी त्यांची पाठ चोळत उभी राहिले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणत होते, आता सुधारणा नाही, घरच्यांनी ठरवावं. आमच्याकडे माणूस परक्या खाटेवर मरू देत नाहीत. शेवटचा एक श्वास शिल्लक असताना त्याला घरी न्यायचं, दिवाणखान्यात देवासमोर झोपवायचं आणि तिथे नळी काढायची. इस्पितळात गेला तर त्याला घरची वाट सापडत नाही म्हणतात. पण तो एक श्वास केव्हा न्यायचा, हे कोण ठरवणार?

"आत नसेल तर उगीच हाल चाललेत," वहिनी म्हणाल्या. "आणि आत असेल, ऐकत असेल, आणि मी नळी काढायला लावली तर? बायकोने मारला मग. मला एवढंच कळू दे ग, तो आत आहे का. आणि त्याला काय हवंय."

"देवाला विचारलंत?"

"विचारलं तर! देवासमोर लाकडाच्या दोन चंद्रकोरी टाकल्या. एक उताणी एक पालथी पडली तर हो. तीनदा लागोपाठ हो आला तर खरं. मी टाकते तर दोन्ही उताण्या. दर वेळी. देव हसतोय म्हणे. हसायला काय झालं त्याला?"

मला गप्प बसता आलं असतं. पण मला त्यांना काहीतरी द्यायचं होतं, आणि माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मी त्यांना राखणदाराबद्दल सांगितलं. मशीन बंद असलं तरी आत एकजण जागा असतो, विचारलं की उत्तर देतो. आणि दादांच्या मशीनवर दिवा लागतो, तेही सांगितलं.

वहिनींनी डोळे पुसले. माझा हात एवढा घट्ट धरला की अंगठी रुतली.

"मग तू विचार ना, पेई. देव मला हसतो. तुझं म्हातारा ऐकायचा."

४

सोमवारी दुपारी दिवे मालवल्यावर मी तपासणीच्या खोलीत शिरले. दार लावलं. रांगेच्या तोंडाशी एक फरशी सैल आहे. तिच्यावर पाय पडला की टक् असा आवाज येतो. रोंगदादा तिला घंटी म्हणायचे, कारण कोण आलं ते मान न वळवता कळायचं. ती वाजली आणि मी दादांच्या मशीनसमोर उभी राहिले.

निळा दिवा लागलेला होता. डोळे मिटले तरी पापण्यांच्या आड तो रंग राहत होता.

मला स्वतःचं हसू येत होतं. अठरा वर्षं मी हेच काम करते. मशीन काही म्हणत नसतं, त्याला म्हणायला लावलेलं असतं, हे मी नव्या मुलांना शिकवते. आणि इथे मी हात जोडून उभी. पण उत्सुकता ही चीज वाईट. भीती माणसाला दाराकडे नेते, उत्सुकता खुर्ची ओढून बसवते.

"दादा," मी हळूच म्हटलं, "तुम्ही असाल तर विझवा."

दिवा विझला.

लगेच नाही. आपलं बोलणं पोचायला आणि उत्तर यायला जेवढा वेळ लागावा, तेवढा लागला. परदेशातल्या माणसाशी फोनवर बोलताना मध्ये जशी एक पोकळी येते, तशी.

मी बटणावरची चिकटपट्टी बघितली, मागे जाऊन रिकामी खाच पुन्हा बघितली. पंखे थांबलेले होते. मशीनवर हात ठेवला, गार होतं. खोलीतल्या दुसऱ्या मशीनांचा आवाज नेहमीसारखा एकसुरी चालला होता आणि काचेपलीकडे माझे सहकारी उशांवर गाल ठेवून पडले होते. अंधारात ते कोण कोण आहेत हे ओळखू येत नव्हतं.

चंद्रकोरी टाकतात तसं तीनदा विचारायचं मी ठरवलं. एकदा योगायोग होतो, दोनदाही होतो. आमच्याकडची लहान मुलंसुद्धा हे जाणतात.

"दादा, तुम्हाला घरी जायचंय का?"

थांबले. दिवा लागला.

मी बटणाला हात लावला नाही. "विझवा," म्हटलं. विझला. "खरंच घरी जायचंय?" लागला. तिसऱ्यांदा विचारायच्या आधी तो पुन्हा विझवून घेतला. आता मी मशीनशी बोलत नव्हते, त्या माणसाशी बोलत होते ज्याने मला सोल्डरिंग शिकवलं, माझ्या घटस्फोटाच्या दिवसांत रोज न विचारता सोयाबीनचं दूध आणून टेबलावर ठेवलं. तिसऱ्यांदा तो मी वाक्य पुरं करायच्या आधीच लागला.

ते मला जरा खटकलं. रोंगदादा कधीच कुणाचं वाक्य तोडत नसत.

५

वहिनींनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, त्या शंका काढतील. मी स्वतःच काढून द्यायला तयार होते.

"तीनदा?" त्या म्हणाल्या.

"तीनदा. पण वहिनी, चिप बिघडलेली असू शकते. मी अजून तपासून..."

"तीनदा ना? मग झालं. पुरे. म्हाताऱ्याने सांगितलं." त्यांच्या आवाजात कित्येक महिन्यांनी दुकानातला तो जोर आला होता. "तू ये. तू नसलीस तर मला जमायचं नाही."

चांगला दिवस बघून आम्ही निघालो. रुग्णवाहिकेत परिचारिका रबरी फुगा दाबून दादांना श्वास देत होती आणि वहिनी खिडकीतून बघून त्यांना रस्ता सांगत होत्या. सांगावा लागतो, नाही तर माणूस वाटेत राहून जातो. "रोंग, पूल आला हं. पूल ओलांडतोय. आता वळण. हे बघ, तुझ्या मित्राचं पंक्चरचं दुकान, बंद आहे आज मेल्याचं. आता चढ. आलंच घर." मी दादांचा पाय धरून बसले होते. पाय गरम होता.

दिवाणखान्यातले देव लाल कागदाने झाकले होते. मरण त्यांना दाखवत नाहीत. खाट मधोमध मांडली. मुलगा, सून, शेजारी सगळे भिंतीला लागून उभे राहिले. मी उशापाशी होते, कारण वहिनींनी माझी बाही सोडली नव्हती.

"आलो बघ घरी," वहिनी त्यांच्या कानाशी म्हणाल्या. "आता सावकाश जा. घाई नाही."

परिचारिका नळीपाशी वाकली. आणि तेव्हा दादांचे डोळे वळले.

महिनोन् महिने छताला चिकटलेले डोळे हळूहळू खाली आले. ते वहिनींकडे गेले नाहीत, मुलाकडे गेले नाहीत. ते माझ्यावर थांबले. मग भुवया कपाळावर चढल्या. ओठांचा चंबू झाला. मान अगदी थोडी, एकदाच, डावीकडे हलली.

"ओळखलं! बघ, पेई, तुला ओळखलं त्याने!" वहिनी रडत हसत होत्या. "हसतोय बघ!"

मला ओरडायचं होतं. थांबा, एवढा एक शब्द. पण तो चेहरा मी नीट पाहिला का, आजारी माणसाचे स्नायू आपोआप ओढले जातात, डॉक्टरही तसं म्हणतात, हा सगळा विचार माझ्या डोक्यात चालू असतानाच नळी निघाली होती. फुगा थांबला. खोली फार शांत झाली, आणि बाहेर गल्लीत कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजत जवळ आलं आणि दूर गेलं.

६

अंत्यविधी झाले. वहिनी सावरल्या. त्या रोज नीट झोपतात, दुकान उघडतात, आणि भेटेल त्याला सांगतात की आमचा म्हातारा स्वतः सांगून घरी आला. मला त्यांनी टोफूच्या पिशव्या पाठवल्या. मी त्या मान-नीला देऊन टाकल्या.

दादांच्या मशीनवरचा दिवा विझला होता. मी आपल्या हाताने दोन्ही वायरी काढल्या, मशीन कपाटातून ओढून काढलं आणि भंगाराच्या ढकलगाडीवर ठेवलं. ते इतकं सहज सुटून आलं की मी मागे धडपडले. रिकाम्या जागेतून थंड हवेचा झोत तोंडावर आला.

आणि तिथे उभी असताना मला ते सुचलं. इतकं साधं होतं की अठरा वर्षांच्या नोकरीची लाज वाटली.

दिवा ही मशीनची भाषा नव्हेच. मशीन त्या दिव्याने काही सांगत नाही, कधीच नाही. मशीनला तर तो लागलाय हे कळतही नाही. तो दूर बसलेला कोणीतरी लावतो, जवळच्या कोणासाठी तरी. हेच ते, हे काढ. हे मी स्वतः दर वर्षी नव्या मुलांना फळ्यावर लिहून देते.

मी विचारलं होतं, घरी जायचंय का. आणि उत्तर आलं होतं. पण उत्तर देणारे दादा होते, हे मला कोणी सांगितलं? मीच ठरवलं. मग मी फोन केला, मी वहिनींना धीर दिला, मी गाडीत बसले, मी उशापाशी उभी राहिले. तिकडे जो कोणी होता, त्याला सगळं दिसत होतं. त्याला फक्त हात नव्हते.

भंगाराची गाडी ढकलत मी दारापर्यंत गेले. फरशी टक् वाजली. मी मागे वळून रांगेकडे बघितलं नाही. माझ्यासारख्या चौकस बाईने बघितलं नाही, ह्यावरून काय ते समजा.

पण न बघून किती दिवस राहणार? माझं मशीन त्याच रांगेत आहे. पुढच्या आठवड्यात मी त्याच्यावर नवी हिरवी पिशवी ठेवली, जुनीची मुदत संपायला खूप अवकाश असताना. राखणदाराची केबल काढून खणात टाकली. मग आठवलं की केबल काढून दादांचा काही फायदा झाला नव्हता. मग वायरीही काढल्या. दोन्ही. वीज नाही म्हणजे राखणदार नाही, एवढं तरी शास्त्र शिल्लक होतं. त्या दुपारपासून मी झोपेच्या वेळी त्या खोलीत जाणं सोडलं, आणि सगळ्यांसारखी उशीवर गाल ठेवून पडू लागले. झोप येत नव्हती. मी घट्ट डोळे मिटून सगळ्यांचे श्वास ऐकत राहायची.

"ताई, तुम्ही वाळलात हो," मान-नी रोज म्हणायची. "काढा घ्या. दादांचं मनाला लावून घेतलंत. एवढं पुण्याचं काम केलंत तुम्ही, आणि स्वतःच कुढताय?"

तिला मी सगळं सांगितलेलं होतं, पहिल्या भागापर्यंत. तीनदा विचारलं, तीनदा हो आला. पुढचं सांगितलं नव्हतं. तिची झोप कशाला उडवा, म्हटलं.

७

त्या दुपारी पाऊस नव्हता, वारा नव्हता, काही नव्हतं. दिवे मालवले. माझ्या उजवीकडे मान-नीची खुर्ची करकरली. ती पाणी प्यायला उठली असेल, असं मला वाटलं.

थोड्या वेळाने काचेपलीकडून आवाज आला. टक्.

मी डोळे उघडले. तपासणीच्या खोलीत, रांगेच्या मध्यावर, मान-नी उभी होती. तिचे हात जोडलेले होते, ओठ हलत होते. आणि तिच्या गोल, प्रेमळ चेहऱ्यावर निळा उजेड पडलेला होता. तो विझला. मग लागला. ती पुन्हा काहीतरी बोलली. विझला. लागला. माझ्या मशीनच्या वायरी मी स्वतः काढून गुंडाळून ठेवल्या होत्या; त्यांचं वेटोळं माझ्या खणात, माझ्या गुडघ्याला लागून होतं. मी खण उघडून त्यांना हात लावून बघितलं. होत्या.

तिसऱ्यांदा तिचे ओठ मध्येच थांबले, कारण उजेड आधीच आला होता.

ती चवड्यांवर चालत माझ्यापाशी आली, कुणाची झोप मोडू नये म्हणून. तिचे डोळे भरलेले होते.

"जाग्या आहात? रागावू नका हं. तुमच्या मशीनवर दिवा दिसला, म्हणून मी विचारलं."

"काय विचारलंस, मान-नी?"

"तेच, तुम्ही दादांना विचारलंत ते. घरी जायचंय का." तिने माझं जाकीट खुर्चीवरून उचलून माझ्या खांद्यांवर घातलं. "तीनदा हो आला, ताई. तीनदा. तुम्ही कधी तोंडाने म्हणायच्या नाहीत, मला माहितीय. चला. साहेबांना मी सांगते. स्कूटर खालीच आहे, मी पोचवते तुम्हाला."

तिचा हात माझ्या बाहीवर होता. उबदार होता, आणि घट्ट होता. मला तिला सगळं समजावून सांगायचं होतं, अगदी सुरुवातीपासून, फळ्यावर लिहून देते तसं. पण माझ्या घशातून काही आलं नाही. माझ्या भुवया कपाळावर चढताना मला जाणवल्या, ओठ पुढे आले, आणि मान थोडीशी डावीकडे हलली.

"अगंबाई, हसलात!" मान-नी कुजबुजली, आणि मला उठवून हळूच जिन्याकडे घेऊन निघाली.